अंगठ्यांपुढची नावं

परवा बोईसरच्या बँकेत कुणाचा तरी अंगठा घ्यायला शाईचं पॅड उघडलं आणि त्या वासानं मला बेटेगावपलीकडचा एक पाडा आठवला. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणींनी त्या पाड्याला नळ मिळावा म्हणून निवेदन लिहिलं होतं; दुसऱ्या सकाळी आमदार ते घेऊन अधिवेशनाला निघणार होते. निवेदनाची भाषा आम्ही तीनदा सुधारली, विहिरीवर हंडे लावून उभ्या असलेल्या बायकांचे अंगठे भराभर घेतले, आणि मग लक्षात आलं की एकाही अंगठ्यापुढे नाव लिहिलेलं नाही! बायका तोवर कामाला पांगल्या होत्या. मला रडूच फुटलं. रांगेतला शेवटचा हंडा भरणारी म्हातारी हसली. “रडते कशाला, पोरी? आमची रांग कदी मोडत नाय. पयला हंडा जिचा, पयला अंगठा तिचा. लिव, मी सांगते.” ती एकेक नाव सांगत गेली, मी लिहीत गेले, आणि शेवटच्या अंगठ्यापाशी बरोबर तिचंच नाव आलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आता तिथे घरोघरी नळ आहे. आज तशीच चूक झाली, तर नावं सांगायला रांगच उरलेली नाही, आणि त्याचंच मला फार बरं वाटतं.