पितळी टोपीची गळती

ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज कानावर आला की पिराजीच्या हातातला घास हातातच राहायचा. मेव्हण्याच्या लग्नात पंगतीतून उठून त्याने पाण्याच्या पिंपाची तोटी आवळली होती, आणि उष्ट्या हाताने आवळली म्हणून सासऱ्याची बोलणीही खाल्ली होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून त्याने घर जगवलं. पुढे लोहाऱ्याच्या बाजूला माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा हेल्पर म्हणून लागला आणि बघून बघून फिटर झाला. कॉलनीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. फुटका पाइप, सैल व्हॉल्व्ह, झिजलेला वायसर, काही असलं तरी आधी मिस्त्रीच्या दाराशी यायचं.

कॉलनीच्या चाळी उतारावर होत्या. वरच्या अंगाला पाण्याची टाकी, तिथून एकच लाइन खाली यायची आणि चाळींच्या मधोमध असलेल्या नळकोंडाळ्यावर संपायची. त्या नळाचं पिराजीला किती अप्रूप होतं, हे बाहेरच्या माणसाला कळलं नसतं. त्याचा बाप गावच्या विहिरीखाली घागर घेऊन कुणी वरून ओतण्याची वाट बघत बसलेला त्याने लहानपणी पाहिला होता. बापाने छप्पन्न साली दीक्षा घेतली, पण विहीर होती तशीच राहिली. कॉलनीत मात्र रांग एकच होती. पहिल्या घरातल्या इरम्माची घागर, तिच्यामागे पिराजीच्या बायकोची कळशी, तिच्यामागे आणखी कुणाची. कुणी काही बोलत नसे. निदान तोंडावर तरी नाही.

शहाऐंशीचा उन्हाळा फार वाईट आला. ऊस नव्हता, गाळप लवकर आटोपलं. टाकीचं पाणी सकाळी थोडा वेळ सुटायचं. व्हॉल्व्ह बंद झाला तरी बायका नळ मिटत नसत. लाइनीत उरलेलं पाणी बारीक धारेनं येत राही, तेही त्या शेवटच्या थेंबापर्यंत भांड्यात धरत.

त्याच दिवसांत डोळ्यांच्या ऑपरेशनची गाडी आली. कुठल्याशा ट्रस्टची लांबलचक बस होती. आत ऑपरेशनची खोली, चार बाकडी आणि मागे एक संडास. संडासाची टाकी बसच्या पोटाखाली होती. ती खड्ड्यात रिकामी केली की बाहेरून नळी जोडायची. पाणी पाइपातून भिंतीच्या आत वर चढायचं, वरच्या एका पितळी टोपीतून वळून पुन्हा खाली टाकीच्या तळाशी जोरात फवारायचं, आणि टाकी आतून धुऊन निघायची. माळावरच्या गेस्ट हाउसशेजारी, कॉलनीच्या वरच्या बाजूला, बस उभी राहिली. तिथल्या नळाला ड्रायव्हर बब्रुवानने नळी लावली. तो नळ त्याच लाइनीवरचा.

पहिल्याच दिवशी भिंतीतून पाणी झिरपून बाकड्याखाली आलं. बब्रुवान मिस्त्रीला शोधत वर्कशॉपात आला. पिराजीने भिंतीची फळी काढली. आतला पाइप एका सांध्यात चिरला होता. तो त्याने काढला, डाग देऊन पक्का केला, परत बसवला. मग पाणी सोडून बघितलं. सांधा कोरडा ठणठणीत होता. पण पाणी बंद केलं की त्या पितळी टोपीच्या कडेने चार-दोन थेंब गळायचे. पुन्हा सोडलं, पुन्हा बंद केलं. पुन्हा थेंब.

बब्रुवान म्हणाला की तेवढं असू द्या. गाडी आणली तेव्हा सोलापूरच्या मेकॅनिकनं बजावलं होतं की ती टोपी अशीच असते, तिला हात लावू नका. का ते काही त्याला ठाऊक नव्हतं. पिराजी हसला.

"गळणं ही काय रीत असती व्हय रे बब्र्या? त्येला जमलं न्हाय म्हून सांगितलं असंल."

त्याने टोपी काढली. आत एक हलकी चकती होती, खाली-वर खेळणारी. पाण्याचा जोर असला की वर चिकटायची, जोर गेला की खाली पडून हवेला वाट द्यायची. पिराजीला ती झिजलेली वाटली. तिच्या जागी त्याने साधा बेंड, नुसता वळणाचा तुकडा, बसवला, सुतळी आणि सफेदा लावून घट्ट आवळला. पाणी सोडलं, बंद केलं. भिंतीला कान लावून तो बराच वेळ उभा राहिला. थेंबाचाही आवाज नव्हता. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन त्याला चहा पाजला. टोपी खिशात घालून तो घरी आला, आणि चार महिन्यांची गरोदर लेक रमा माहेरपणाला आलेली, तिच्यापुढं त्याने ती गंमत म्हणून ठेवली. नात गौतमी दिवसभर त्या टोपीला पाण्याचा पेला करून भातुकली खेळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं तशी बब्रुवानने टाकी धुवायला घेतली. संडासात फिनेलची बाटली ओतली, नळी जोडली, नळ पुरा सोडला. टाकी अर्ध्यावर आली तेव्हा जोर कमी झाला. वरचा व्हॉल्व्ह बंद झाला होता. उद्या पुढचं भरू म्हणून नळ तसाच उघडा ठेवून तो जेवायला गेला. खाली नळकोंडाळ्यावर बायकांनी नेहमीसारखी उरलेल्या धारेखाली भांडी लावली होती. त्या दिवशी धार लवकर संपेना. बायकांना आनंदच झाला.

दुपारी पिराजी जेवायला घरी आला. रमाने तांब्या भरून पुढं ठेवला. त्याने तोंडाला लावला आणि थांबला.

"वास कसला येतोय?"

"औषध टाकलंय न्हवं," रमा म्हणाली. "सकाळच्याला धार लई येळ चालली. इरम्माकाकू म्हनल्या, साथ हाय म्हून कारखान्यानं औषध टाकलं असंल. बरंच झालं की दादा."

तिचं चुकलं नव्हतं. दुष्काळात सरकारी माणूस विहिरीत पावडर टाकून जायचा, पाण्याला उग्र वास यायचा आणि लोक ते निर्धास्त पीत. वासाचं पाणी म्हणजे चांगलं पाणी, हे कॉलनीतल्या पोरांनाही पाठ होतं.

पण हा पावडरीचा वास नव्हता. हा वास काल भिंतीची फळी काढताना पिराजीच्या नाकात बसला होता. तांब्या खाली ठेवून तो वर माळाकडे पळत सुटला. नळी जोडलेली, नळ उघडा. बसच्या खाली वाकून त्याने टाकीचं झाकण बाजूला केलं. अर्ध्यावर असलेली टाकी तळाला गेली होती. भोवतालची जमीन कोरडी होती. खाली उतरत जाणाऱ्या लाइनीकडे त्याने पाहिलं, मग भिंतीतल्या त्या घट्ट बेंडकडे. वरून पाणी बंद झालं, खालचे नळ उघडे. लाइनीने ओढ घेतली आणि टाकीतलं पाणी नळीवाटे खाली खेचलं. हवा घेऊन ती ओढ मोडायला ती चकती होती. तीच त्याने काढून टाकली होती.

नळ बंद करून, नळी उपसून तो तिथंच मातीत बसला. बब्रुवानला अजून काही उमगलं नव्हतं. मिस्त्रीला ऊन लागलं म्हणून तो पाणी आणायला निघाला तेव्हा पिराजीने त्याचा हात धरला.

गप्प राहता आलं असतं. कारखान्यानं औषध टाकलं ही इरम्माची समजूत होतीच. संध्याकाळपर्यंत भांडी रिकामी झाली असती आणि कुणाचं पोट बिघडलंच तर उन्हाळ्यावर गेलं असतं. बोललं तर काय होईल हेही त्याला दिसत होतं. लोक चकतीचं बोलणार नव्हते. पाणी कुणाच्या हाताने बाटलं, एवढंच बोलणार होते. विहिरीखाली बसलेल्या बापाला जे ऐकावं लागलं, ते आता खरं करून दाखवल्यासारखं होणार होतं. आणि त्या रांगेत पुन्हा आपली कळशी कुठं लागेल?

खालून चाळीतल्या पोरांचा गलका येत होता. गौतमी त्यांत होती. खेळून तहानली की ती कुणाच्याही घरात शिरून पाणी मागायची.

पिराजी खाली आला आणि पहिल्या दाराशी, इरम्माच्या ओट्यावर, झाकून ठेवलेली घागर त्याने लाथेनं आडवी केली.

इरम्मा आतून धावत आली. वेड लागलं का, म्हणून तिने त्याला तोंडाला येईल ते म्हटलं. आजूबाजूच्या बायका जमल्या. पिराजी पुढच्या ओट्याकडे निघाला होता. कुणीतरी त्याची सदऱ्याची बाही धरली.

"पिऊ नका," तो म्हणाला. "ह्यात त्या बसच्या संडासाचं पाणी आलंय. वरनं वडून आलंय. म्याच केलंय ते. टोपी म्या काढली."

 मग एका बाईने भांडं उपडं केलं, दुसरीने केलं. दारादारातून पाणी वाहू लागलं. त्या उन्हाळ्यात इतकं पाणी जमिनीवर कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना बोलवायला बब्रुवान धावला. ज्या म्हाताऱ्यांचे डोळे सकाळी त्याच पाण्याने पुसले गेले होते त्यांना डॉक्टरांनी आधी गाठलं. मग चाळीत येऊन प्यायलेल्यांची विचारपूस केली. पाणी उकळून, मीठसाखर घालून ठेवा, लहान लेकरांवर नजर ठेवा, म्हणाले. उकळायला पाणी कुठलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. कारखान्याने टँकर मागवला होता.

जमलेल्या बायका पांगताना इरम्मा थोडी मागे थांबली. तिचा नातू तिच्या कडेवर होता.

"असं व्हनार हे आमाला आधी म्हाईत असतं," ती हळूच म्हणाली, "तर तुमाला नळाला हात लावू दिला नसता."

 तिने 'तुमाला' म्हटलं, ते पिराजीला एकट्याला नव्हतं.

दिवस कलला. टँकर आला नव्हता. रमा भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर. प्यायली होतीस का, किती, असं पिराजीने तिला विचारलं नाही. तांब्या तिनेच भरला होता, ती आधी प्यायली असणार हे तो जाणून होता. समोरच्या चाळीतलं एक दार उघडलं आणि एक माणूस टमरेल घेऊन घाईघाईने मागच्या बाजूला गेला. नुसतं रोजचंच असेल. थोड्या वेळाने पलीकडचं दार उघडलं. इरम्माच्या घरातून ओकारीचा आवाज आला, लहान लेकराचा, आणि मग तिची कानडीत चाललेली समजूत.

गौतमी पिराजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या पोटावर त्याने तळहात ठेवला. पोट मऊ होतं. वर-खाली होत होतं. त्याने हात तसाच ठेवला, जराही न हलवता, आणि रस्त्यावर टँकरची धूळ दिसते का बघत राहिला.

पोरीने डोळे उघडले.

"आबा," ती म्हणाली, "मला परसाकडं लागली."