रेडिएशनवाली आत्या

परवा रविवारी पाचोडला माझ्या भाचीचं बारसं होतं. सध्या छातीच्या कॅन्सरसाठी माझं रेडिएशन चालू आहे, पण रविवारी मशीनला सुट्टी असते... म्हणून सकाळीच संभाजीनगरहून एसटी पकडली.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. भावाला बहीण एकच, म्हणजे आत्या मीच!

पोचले तर काकूंनी माझी खुर्ची पार दाराशी टाकलेली. सगळ्यांना तांब्या-पेला, मला कागदी कप. मग भाऊ हळूच म्हणाला, "ताई, तू तिथूनच नाव सांग. कानात काकू सांगतील..."

खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. आजार कळला तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

"लाईट घेतलेल्या माणसानं लेकराजवळ जायचं नसतं," काकूंनी निकाल दिला. "अंगातून किरणं निघत्यात."

इथं माझं टाळकं सरकलं. "काकू, उन्हात वाळवलेल्या कुरडयांचा डब्यात उजेड पडतो व्हय?"

मशीन चालू असतं तेवढा वेळच किरण असतात. ते आपलं काम करतात, मशीन बंद झालं की संपलं... अंगात काही उरत नाही. काही उपचारांत किरणांचं औषध पोटात देतात, तेव्हा लांब राहावं लागतं, पण माझा उपचार तो नाही. भाचीला घ्यायचं म्हणून हे मी डॉक्टरांना आधीच खोदून खोदून विचारलं होतं.

हे सगळं काकूंना सांगितलं. मग मीच उठले, पाळण्याशी गेले आणि वहिनीपुढे हात पसरले. तिनं काकूंकडे बघितलंसुद्धा नाही, बाळ सरळ माझ्या हातात दिलं.

कानात सांगितलं... मुक्ता.

नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली रीत. बाळाला वहिनीकडे देऊन मी वाकून थांबले... पण एकही हात पुढे येईना. सगळ्याजणी पदर सावरत उभ्या.

"घाला की! धपाट्यांशिवाय मी इथून हलणार नाही!"

दण्णकन एक बसला. वळून बघते तर काकू! "लई जीभ चालती गं तुझी," म्हणत त्यांनी दुसराही घातला. मग काय, सगळ्याच तुटून पडल्या.

आजारी पडल्यापासून लोक एकतर मला जपून हात लावतात, नाहीतर लावतच नाहीत. किती महिन्यांनी कुणीतरी मला मनापासून बडवलं... काकू, थँक्यू.