महाराणीच्या दारावरचा पहारा

सव्वीस वर्षं पायदळात काढून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि मुलाने माझी पोस्टिंग जर्मनीत, हॅनोव्हरला केली. इथली ड्यूटी सोपी. पहाटे पाचला उठणे, कचरा चार वेगवेगळ्या डब्यांत टाकणे आणि सुनेचं ऐकणे.

गेल्या वर्षी सुनेने, मुग्धाने, मराठी मंडळासाठी नाटक लिहिलं. प्राचीन इजिप्तची तरुण महाराणी, कपटी प्रधान, दारावर एकनिष्ठ पहारेकरी. शेवटी प्रधान आपला माणूस पहाऱ्यावर आणतो, जुन्याला घरी धाडतो आणि महाराणी त्याच्या तावडीत सापडते. जुना पहारेकरी मी. संवाद शून्य. ड्युसेलडॉर्फच्या मंडळाचे दोघे प्रयोग बघायला येणार होते. आवडला तर तिकडे आमंत्रण. मुग्धा त्यासाठी आठ महिने झटली होती.

तालमीत मी एकच हट्ट धरला. पहाऱ्याची बदली फौजी पद्धतीने झाली पाहिजे. नवा संत्री समोर येतो, भाला ताब्यात घेतो, मगच जुना हलतो. मुग्धाने हसत मान्य केलं.

रविवार, दुपारी तीनला पडदा उघडला. नवा संत्री होणारा पाटील बाड हॉम्बुर्गहून येत होता आणि त्याची ट्रेन अडकली. 15:40 ला मुग्धा विंगेत म्हणाली, "बाबा, पाटील नाही पोचत. प्रधान 'जा' म्हणाला की तुम्ही सरळ निघा."

"ओके."

15:52. प्रधान झालेला देशमुख, एरवी गाड्यांचा इंजिनियर, गरजला, "पहारेकऱ्या, तुझं काम संपलं. जा!"

माझे पाय हलेनात. ऑर्डर ठाऊक होती. पण मागे दार होतं आणि समोर बदली नव्हती.

"जा म्हणतो ना!"

मी भाला आडवा धरला. गडबडलेल्या देशमुखच्या तोंडून जर्मन निसटलं. "आल्झो... जातोस की नाही?"

हॉलमध्ये हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या आठ महिन्यांच्या मेहनतीवर मी पाणी फिरवत होतो.

तेवढ्यात दार उघडलं. महाराणी मुग्धाच होती. तिने माझा चेहरा पाहिला, आत जाऊन पाण्याचं भांडं आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"ऊन फार आहे. आधी पाणी पी. गेला का नाहीस?"

"बदली आली नाही, महाराणी."

ती देशमुखकडे वळली. "प्रधानजी, माझी सगळी माणसं तुम्ही फोडलीत. हा एक राहिला. पुरेसा आहे."

पडदा तिथेच पाडला. टाळ्या थांबेनात. ड्युसेलडॉर्फवाल्यांनी आमंत्रण जागेवर दिलं, अट एकच: शेवट हाच ठेवायचा.

"अहो बाबा, तुम्ही माझं नाटक पार मोडलंत!" मुग्धा हसता हसता रडत होती. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

घरी आल्यावर मी तिला माझ्या पलटणीतल्या नायक सर्जेराव जाधवबद्दल सांगितलं. सीमेवरच्या एका पोस्टवर आम्ही जखमींना खाली उतरवत होतो. वरची वाट सर्जेराव एकटा धरून होता. 14:10 ला तो वायरलेसवर आला.

"बदली निघाली का? ओव्हर."

"निघाली," मी म्हणालो. "टिकशील? ओव्हर."

"टिकतो. जपून या. आउट."

ती बदली म्हणजे मी. चढ आणि फायर, दोन्हींतून पोचायला 16:40 झाले. जखमी सगळे वाचले. सर्जेराव जागेवरच होता, रायफल वाटेकडे रोखलेली, श्वास थांबलेला.

पडदा पडताना मी सॅल्यूट केला. तो महाराणीला केला असं सगळ्यांना वाटलं. तो सर्जेरावला होता.