तेल्हाऱ्याच्या मामाजींचा बाकी डाव

माझ्या ऱ्हस्वदीर्घाचा काही नेम नाही आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीने अंगण उकरावं तसं आहे. मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, मग लग्न झालं. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. कुणाच्या हाती पडलंच तर त्याने सांभाळून घ्यावं.

न्यायाने वागणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण न्यायापायी स्वतःची झोप घालवणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, आमचे तेल्हाऱ्याचे मामाजी. ते अमरावतीला आमच्याकडे आले की पंगत लवकर सुरूच होत नसे. काल ज्याच्या पानात पहिली पोळी पडली, त्याला आज शेवटची, असा त्यांचा दंडक. आई वैतागून म्हणे, "दादा, पोया गार होऊन राहिल्या ना!" ते शांतपणे म्हणत, "होऊ दे. साऱ्याइच्या सारख्याच गार होतीन." आम्हा भावंडांना गूळ वाटताना ते खडे तळहातावर तोलून पाहत, आणि जो मोठा वाटेल त्याचा टवका काढून स्वतःच्या तोंडात टाकत. शेवटी सगळ्यांत जास्त गूळ त्यांच्याच पोटात जाई, पण हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही, आणि सांगायची माझी हिंमत झाली नाही.

या न्यायापायीच त्यांचा सख्खा धाकटा भाऊ तुटला होता. वाटणीच्या वेळी मामाजींनी शेतातल्या नांगराच्या तासांपासून आंब्याच्या फांद्यांपर्यंत सगळं निम्मं निम्मं केलं, आणि तेवढ्यावर न थांबता बैलजोडीही फोडली. चांद्या स्वतःला, तांब्या भावाला. दोघे बैल वासरं होती तेव्हापासून एका जुवाखाली चाललेले. धाकटे मामा एवढंच म्हणाले, "दादा, तुनं मोजलं बरोबर. पन जोडी मोजाची नसते." तांब्याला घेऊन ते बायकोच्या माहेरी तिवशाला गेले ते गेलेच. पुढे कित्येक वर्षं दोघांत शब्द नव्हता.

पुढे कापसाचे ते दिवस आले. सात समुद्रांपलीकडे कुठे लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. तेल्हाऱ्याला अकोल्याचा बाजार जवळ, पण मामाजी गाड्या घेऊन अमरावतीलाच येत. अकोल्याचा काटा तिरपा आहे असं सांगत. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिवशाच्या गाड्याही अमरावतीलाच येत असत.

तोलाची पाळी येईपर्यंत गाडीवान दिवसच्या दिवस राजापेठेच्या बाजूच्या मैदानात पडून असायचे. वेळ जावा म्हणून ते आट्यापाट्या खेळत. राखेने पाट्या आखायच्या, एका बाजूने त्या अडवायच्या, दुसरीने हुलकावण्या देत पार व्हायचं. एका वर्षी एका अडत्याने खुशीत येऊन जिंकणाऱ्या गावाला चांदीचं कडं लावलं, आणि सामने कसे लावायचे हे ठरवायचं काम आपण होऊन मामाजींनी अंगावर घेतलं.

गाडीवानांचं म्हणणं साधं होतं. "हरला तो बाहेर. कायले डोकं लावता, मामाजी?"

मामाजी भडकले. "काहून बाहेर? एक डाव हरला म्हनून मानूस हरला काय? साऱ्या गावाइनं साऱ्या गावाइसंग खेळाचं."

"मंग होळी येथंच होईन आपली!"

"तसेबी बसूनच राहिले ना तुमी? तोल झाला काय तुमचा?"

गाडीवान पाट्या आखायला उठले. पण मी आईच्या मागे उभी राहून मामाजींची नजर पाहत होते. ती पुन्हा पुन्हा तिवशाच्या गाड्यांकडे जात होती. तिवशाचे गडी कच्चे, त्यातला एक लंगडत होता. हरला तो बाहेर म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी ते खेळातून गेले असते, आणि धाकटे मामा मैदानाकडे फिरकलेही नसते. नव्या रीतीत तेल्हारा आणि तिवसा समोरासमोर येणारच होते. तो डाव मामाजींनी सगळ्यांत शेवटी ठेवला. कारण न्यायाचं सांगितलं, पण मला वाटतं त्यांना धीर होत नव्हता.

बाबा म्हणाले, मी कागदावर मांडून ठेवतो. मामाजींना ते पटलं नाही. "वाचनारे तुमी एकटे, न वाचनारे सारे. मंग तो हिशोब साऱ्याइचा कसा?" त्यांनी गाडीशेजारी धोतर अंथरलं, गावागावाच्या जागा केल्या, आणि जिंकलेल्या प्रत्येक डावाला एक मूठ सरकी त्या गावाच्या ढिगावर टाकू लागले. सरकीचे ढीग कुणालाही दिसावेत, कुणालाही कळावेत.

शेवटच्या डावाच्या सकाळी मैदानात एकच आरडाओरडा झाला. तिवशाचा एक बैल दावं तोडून गाड्यांमधून धावत सुटला होता. तो थेट मामाजींच्या गाडीपाशी आला, तिथे बांधलेल्या चांद्याच्या मानेवर मान घासली, त्याला चाटलं, आणि मग दोघांनी मिळून धोतरावरचा सगळा निकाल खाऊन टाकला.

कापसाच्या बाजारात बैलापुढे सरकी मांडून ठेवणारा माणूस आमच्याच घरात निघावा!

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. प्रत्येक गाव म्हणू लागलं, आमचाच ढीग मोठा. काठ्या उचलायचीच वेळ आली. तेवढ्यात तुटकं दावं हातात घेऊन धाकटे मामा पुढे आले. कुणाकडे न पाहता म्हणाले, "तिवसा एकच डाव जितला. बाकी सारे हारला. मायापुरतं मी सांगतो." मग एकेक गाव मान खाली घालून आपापलं खरं सांगू लागलं. मामाजी पुन्हा मुठी टाकू लागले.

धाकटे मामा तांब्याला दावं बांधत पुटपुटले, "काहून दादा, सारा न्याय बैलाच्या पोटात गेला काय तुया?"

"जोडीनं खाल्ला बाप्पा," मामाजी म्हणाले. "मोजाले काईच नाई ठेवलं."

दोघे हसले की रडले, मला गर्दीत नीट दिसलं नाही.

त्याच वेळी तिवशाच्या गाड्यांना तोलासाठी हाक आली आणि शेवटचा डाव राहून गेला. मामाजींनी निवाडा दिला, "डाव बाकी हाय. तवरिक कडं कोनाचंच नाई. एक वर्स तिवशाले राहीन, एक वर्स तेल्हाऱ्याले." दोघा भावांना शेजारी उभं पाहून बाकीच्या गावांनीही हसून मान डोलावली.

पुढे ती लढाई संपली, भाव उतरला, अडत्याने पुन्हा कडं लावलं नाही. पण दर दिवाळीनंतर एक भाऊ कडं घेऊन दुसऱ्याच्या गावी जाई. म्हातारपणी दोघे अंगणात राखेने पाट्या आखून घेत आणि बाजेवर बसून त्यांच्याकडे पाहत. खेळायला पाय कुठे होते?

मामाजी गेले त्या वर्षी कडं तिवशाला होतं. दिवाळी झाल्यावर धाकटे मामा गाडी जुंपून तेल्हाऱ्याला आले. मामाजींचं पागोटं अजून खुंटीवरच होतं. त्यांनी कडं त्याच खुंटीला अडकवलं. मामी म्हणाली, "आता कायले आनलं, भाऊजी? ठेवाचं तुमच्यापाशी."

ते म्हणाले, "मायं वर्स झालं, वयनी. आता दादाची पाळी हाय."