सुनंदाचं रक्त अजून थंडीत आहे

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझी बायको सुनंदा गेल्या पावसाळ्यात मलेरियाने गेली. हॉस्पिटलात असताना तिने संशोधनासाठी रक्त दिलं होतं. ते रक्त ज्यांच्याकडे आहे, त्या मरोळच्या लॅबवाल्यांनी आज मला आणि मुलाला बोलावलं. मलेरियाचा जंतू शिरल्यावर माणसाचं शरीर आतून कसं लढतं, याची माहिती ते कॉम्प्युटरवर जमवतायत, डेटाबेस म्हणतात त्याला. सुनंदाची माहिती त्यात घालायला माझी परवानगी हवी होती.

मी विचारलं, "तिचं रक्त कुठंय?"

"फ्रीझरमध्ये, काका. उणे ऐंशी अंशांना," तिथली मुलगी म्हणाली.

गोधड्यांवर गोधड्या घालूनही जिची हुडहुडी थांबली नव्हती, तिला यांनी बर्फात ठेवलंय! आम्ही दहावं-बारावं केलं, अस्थी गावच्या खाडीत सोडल्या. मग ही इथे कशी राहिली?

"बाहेर काढा ना तिला."

"बाबा, ते नुसतं रक्त आहे. काय तुम्ही पण!" मुलगा वैतागला.

लॅबमधली मुलगी हळूच म्हणाली, "काढलं तर खराब होईल, काका. फेकून द्यावं लागेल. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांचं शरीर जोरात लढत होतं, हे त्यातूनच कळलं आम्हाला."

फेकून द्या, असं माझ्या तोंडून निघेना. सही केली.

आता घरी घामाने भिजून बसलोय, पण पंखा लावायला हात उठत नाही. तुमच्यापैकी कुणाचं माणूस असं मागे राहिलंय का? तुम्ही काय केलंत?