जागची न हललेली पेटी

आधीच सांगते, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर धारेवर धरलंय. इंजिनिअर आहे मी! तरीही हे लिहितेय… हसायचं तर हसा.

परदेशी सेन्सर आपल्याकडे नुकते सहज मिळायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही हैदराबादेत बरकतपुऱ्यात राहायचो. आमच्या छोट्या कंपनीने ॲक्सेलरोमीटरची एक पेटी बनवली होती. ती फक्त हिसका मोजते. हिसक्यांची बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर – म्हणजे पेटी कुठे पोचली ते कळतं. पण शून्य जरा चुकलं की थेंबे थेंबे तळे साचे! टेबलावरची पेटी आकड्यांत थोड्याच वेळात विजयवाड्याला निघते. म्हणून आधी कॅलिब्रेशन: सहाही बाजूंवर ठेवून शून्य ठरवायचं, मग पेटीवरचा बाण उत्तरेला लावून तासन्‌तास नुसती राहू द्यायची. ऑफिसात ट्रकांनी टेबल हादरायचं, म्हणून एका रविवारी मी ती कॉम्प्युटरसकट घरी आणली.

दुपारी स्क्रीनवर पेटीची जागा दाखवणारी रेघ सरकायला लागली. "झालं, माती खाल्ली शून्याने!" म्हणत मी दाराकडे पाठ करून तासभर आकडेमोड करत बसले. वळून बघते तर मामंजींची खुर्ची रिकामी! माझे सासरे – दोन वर्षांपासून सगळं विसरायला लागले होते, घराचा पत्तासुद्धा. आणि फाटकाची कडी मीच लावली नव्हती.

नवरा स्कूटर काढून काचीगुडा स्टेशनकडे धावला. मी फोनपाशी रडत बसले. तेवढ्यात स्क्रीनकडे नजर गेली… रेघ थांबली होती. अहो, चुकलेल्या शून्याची रेघ कधी थांबत नाही, ती नुसती पळत सुटते. ही मात्र वळणं घेत, मध्ये दोनदा विसावत गेली होती. आता पश्चिमेला पावणेतीन किलोमीटर, दक्षिणेला जवळजवळ दोन. नकाशावर पट्टी धरली – बेगम बाजार.

शेजारच्या रिक्षावाल्या यूसुफचाचांना हे सांगताना माझी मलाच लाज वाटली.

"मशीन बोलरी ना बेटी? बस, चलो. रोना नक्को."

मसाल्याच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर मामंजी बसले होते. अनवाणी, तळवे सोलवटलेले. मी "मामंजी!" म्हणून ओरडले, तर शांतपणे म्हणतात, "आलीस? बैस जरा, दमली असशील." मला हुंदकाच फुटला.

घरी आणून त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला, मग स्क्रीन पाहिली. रेघ परत आली होती. रिक्षा ज्या रस्त्याने आली त्याच वळणांनी, थेट सुरुवातीच्या ठिपक्यावर. पेटी टेबलावर जशीच्या तशी. मी चक्क हात जोडले तिला.

ऑफिसातले साहेब म्हणाले, नॉइज आहे, सिग्नलमधली खरखर, योगायोग. असेल बुवा! नंतर किती वेळा तीच चाचणी केली, पेटी दर वेळी भलतीकडेच भरकटली. पण खरं सांगू? उत्तर नाही सापडलं तरी चालेल. मामंजी त्यानंतर चार वर्षं आमच्यात होते.