काठात न घुसलेली भिंत

साईटवर नव्याने जाणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरला मी पहिली गोष्ट ही सांगते, की टेपचं टोक ठेकेदाराच्या माणसाच्या हातात देऊ नका आणि तो दाखवेल तिथे मोजू नका. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. तिथे पायाची खोली म्हणजे नकाशावरची एक सरळ रेघ. साईटवर ती रेघ वरखाली होते, आणि जिथे ती सगळ्यात खाली जाते नेमकी तिथे साहेबांसाठी खुर्ची मांडलेली असते.

नाल्यावर सिमेंटचा बंधारा बांधायचा तर पायाचा चर या काठापासून त्या काठापर्यंत खणायचा असतो, आणि तो कठीण खडकाला लागेस्तोवर खणायचा असतो. मुरुमावर भिंत उभी केली तर पाणी खालून निघून जातं. ठेकेदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो एकाच जागी खडकापर्यंत जातो, तिथे चर झाडून लख्ख करतो, आणि बाकीचा चर मुरुमावरच सोडून देतो. साहेब जीपमधून उतरतात, त्या एका जागी टेप सोडतात, चहा घेतात आणि जातात. मजूर त्या जागेला उघड उघड साहेबाचा खड्डा म्हणायचे. ठेकेदारासमोर म्हणायचे आणि तो हसायचा. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मी सरकारी इंजिनिअर म्हणून नवी होते तेव्हा बीटी कपाशीने सगळा जिल्हा व्यापला होता. दुकानादुकानांवर टपोऱ्या बोंडांचे फलक होते. फलकावर कोरडवाहू जमीन कधीच नसायची. ऐन बोंडं भरायच्या वेळी आमच्याकडे पाऊस गायब व्हायचा आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभ्या उभ्या लाल पडायची. गावागावांतून वाईट बातम्या येऊ लागल्या, तसं वरून पॅकेज आलं आणि पॅकेजमधून बंधारे आले. नाल्यात पाणी अडलं की कपाशीला एखादं पाणी देता येईल, हा विचार अगदी बरोबर होता. चुकीचं होतं ते बांधणाऱ्यांच्या पोटात.

डोणगावच्या पलीकडे एका गावाजवळ माझ्याकडे असा एक बंधारा आला. गावाचं नाव लिहीत नाही. नाल्याचा डावा काठ मुरुमाचा, कडक. उजवा काठ काळ्या मातीचा, उंच आणि भुसभुशीत. त्या उजव्या काठाला लागूनच एका बाईंचं वावर होतं. मी त्यांना मावशी म्हणायचे. नवरा हंगामात चिखलीच्या कापूस जिनिंगमध्ये कामाला असायचा, वावर त्याच बघायच्या. लांबट पट्टी होती, पण नाल्याच्या गाळावर पोसलेली माती, हातात घेतली की सोडू नये अशी. बंधारा होणार म्हणून त्या हरखून गेल्या होत्या. गिट्टी, रेती टाकायला त्यांनी आपलं वावर मोकळं करून दिलं. ट्रॅक्टरच्या चाकांनी माती दगडासारखी घट्ट केली तरी त्यांनी वाट बंद केली नाही. "पानी थांबलं न पोरी, मंग एक इंजन लावतो अन् पऱ्हाटीले पानी देतो," असं मला रोज सांगायच्या.

चर खणून झाल्याचा निरोप आला त्या दिवशी मी खुर्चीवर बसलेच नाही. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन चरात उतरले. इतकी साधी परीक्षा दुसरी नाही. सब्बल उचलून आपटायची. खडक असेल तर खणकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. मुरूम असेल तर नुसता भद्द आवाज येतो आणि टोक आत रुततं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत गेले. साहेबाच्या खड्ड्यात खणकन, बाकी सगळीकडे भद्द.

ठेकेदार वरून म्हणाला, "मॅडम, तुमी कायले खाली उतरता? साडी खराब होईन."

"धुता येते," मी म्हणाले. "काँक्रीट पडल्यावर पाया धुता येत नाही. खोदाईचं मशीन परत बोलवा."

तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे आमचे उपअभियंता, बदलून आलेले, आमच्या बोलीला हसणारे. पण मी चरातून वर यायला तयार नव्हते आणि गावातली दहा माणसं काठावर उभी राहून तो भद्द आवाज ऐकत होती. नाइलाजाने मशीन आलं. चर सगळीकडे खडकाला लागला. मावशींनी त्या दिवशी मला भाकर आणि ठेचा खाऊ घातला. आपण जिंकलो असं मला वाटलं.

पाया जिंकणं म्हणजे अर्धं काम. भिंतीची दोन्ही टोकं काठाच्या आत चांगली खोल घुसवावी लागतात. पूर आला की पाणी मधल्या सांडव्यावरून जायला हवं. टोक काठाला नुसतं टेकलेलं असेल तर पाणी भिंतीशी भांडत बसत नाही, ते बाजूची मऊ माती कापतं आणि वळसा घालून निघून जातं. डाव्या काठात भिंत निमूटपणे गेली, कारण मुरूम कापला की कापल्या जागी उभा राहतो. उजवीकडे काळी माती. खणावं तसा काठ ढासळतो, पुन्हा उपसावं लागतं, उतार देऊन रुंद कापावं लागतं. पेरणी तोंडावर होती आणि मजूर सरकी डोबायला, कपाशीचं बी टोचायला, निघून चालले होते. ठेकेदाराची गाडी तिथे अडली.

"बापजाद्यानं कोनी असा काठ कोरला व्हता काय?" तो म्हणाला. "दगडं लावून देतो न टोकाले. झकास दिसते."

"दिसण्यासाठी बांधून राह्यलो काय आपण?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला लोणारकडच्या एका कामावर पाठवलं. तातडीचं होतं म्हणे. तिथे गेले तर काम सुरूच झालेलं नव्हतं, तरी नुसत्या आखणीसाठी मला आठवडाभर थांबवून ठेवलं. सुटका होताच मी मिळेल त्या जीपने परत फिरले, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. भिंत उजव्या काठाला येऊन थांबली होती. टोकाशी दगड रचलेले, त्यावर गिलावा, त्यावर पिवळा रंग. ओल्या रंगाचा वास येत होता.

मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून भांडले. दार उघडं होतं, सगळं ऑफिस ऐकत होतं. म्हटलं, पहिल्याच पुरात त्या बाईचं वावर जाईल, टोक फोडा आणि आत न्या. ते म्हणाले, "इतकं पुस्तकी राहून फील्डवर चालत नाही. पाऊस पडू दे, मग बघू." पुस्तकी! जे पुस्तकात होतं तेवढंही ज्यांनी केलं नाही त्यांनी मला पुस्तकी म्हणावं. काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. वर लेखी कळवलं त्याचं पुढे काही झालं नाही. मावशींना मी जाऊन स्पष्ट सांगितलं, की काठाला लागून या वर्षी पेरू नका. "तेच तं वावर हाय माह्यं, पोरी. दुसरं कुठी पेरू?"

त्यांनी सरकी डोबली. पऱ्हाटी कमरेला लागली, पात्या-फुलं धरली, खालच्या बोंडांनी आकार घेतला. मग एका पावसाने नाला भरून आला.

मी गेले तेव्हा पाणी ओसरलं होतं. भिंत जागच्या जागी होती. एक तडा नाही, पिवळा रंगसुद्धा शाबूत. फक्त नाला तिथे नव्हता. पाण्याने उजवा काठ कापला, वळसा घातला आणि वावराच्या मधोमध नवी वाट पाडली. कापलेल्या काठावर पऱ्हाटीची झाडं मुळं उघडी टाकून लोंबत होती, हिरव्या बोंडांसकट. जिथे मावशींची माती होती तिथे गोटे आणि रेती. आणि सरकारी भिंत कोरड्या पात्रात एकटी उभी, अडवायला समोर थेंबही नाही.

साहेब पाहणीला आले होते. ठेकेदार सोबत होता. साहेबांनी भिंतीवर हाताने थापटून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बंधारा सुस्थितीत आहे." मावशींना म्हणाले, "बाई, नाल्याच्या इतक्या जवळ पेरायचंच कशाला?" मी तिथेच त्यांच्या तोंडावर म्हणाले, की नाला जवळ नव्हता, तुम्ही तो त्यांच्या वावरात आणून सोडलात. ते घड्याळ बघत जीपकडे गेले. त्या माणसाला तिथे, त्या रेतीत, गुडघे टेकायला लावावं असं मला वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

मावशी रडल्या नाहीत. नव्या नाल्याच्या काठाशी उभ्या राहून त्या खाली वाहणाऱ्या गढूळ पाण्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "पोरी, याले आता वावर म्हनाचं का नाला?"

"वावरच, मावशी," मी म्हणाले. "तुमचंच आहे ते."

"मंग पेरू कुठी ते दाखव."